मेंदूला बसलेला हादरा आणि बरे होण्याचा अंदाज

"डॉक्टर, बरे व्हायला किती दिवस लागतील?" हा प्रश्न प्रत्येक रुग्णाच्या घरचे लोक विचारतात. प्रश्न साधा, परंतु त्याच्या उत्तरावर रजा, परीक्षा, पैसा आणि घरातील सर्वांची झोप अवलंबून असते. उत्तर मिळाले नाही तर माणूस अस्वस्थ होतो आणि अस्वस्थ माणूस पंचांग उघडणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो, हे आपण आपल्या भोवती पाहतो.

हा प्रश्न नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांचे समकालीन वैद्य जीवक यांची एक कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीला अनेक वर्षे मस्तकाचा विकार होता. जीवकाने शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्याकडून कबूल करून घेतले की, सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहावे लागेल. कवटी उघडून उपचार झाले. श्रेष्ठीला एका कुशीवर सात महिने काही निघेनात. सात दिवसांतच तो कंटाळला. दुसऱ्या कुशीवर सात दिवस, उताणे सात दिवस, असे एकवीस दिवस झाले आणि तो बराही झाला. तेव्हा जीवकाने सांगितले की, तुम्ही एकवीस दिवसांत बरे व्हाल हे मला ठाऊक होते. परंतु महिने सांगितले नसते तर तुम्ही एवढे दिवसही पडून राहिला नसता.

या कथेत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली अशी की, अनुभवी वैद्य बरे होण्याच्या काळाचा अंदाज बांधू शकतो. दुसरी अशी की, रुग्ण त्या काळात काय करतो यावर तो काळ अवलंबून असतो. डोक्याला मार लागलेल्या महाविद्यालयीन खेळाडूंबाबत आजच्या शास्त्रज्ञांनी जे अभ्यास केले, त्यांतूनही शेवटी याच दोन गोष्टी हाती लागतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचा परिचय करून देणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही, कला शाखेचे पदवीधर आहोत. त्यामुळे हा लेख म्हणजे उपचाराचा सल्ला नव्हे. एका प्रश्नाकडे विज्ञाननिष्ठ दृष्टीने कसे पाहावे, याचा हा पाठ आहे.

हादरा म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला कन्कशन म्हणतात, त्याला आपण मेंदूचा हादरा म्हणू. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोक्यावर, तोंडावर किंवा अंगावर जोराचा आघात झाला की डोके झटक्याने हलते आणि आतला मेंदूही हलतो, पिळवटतो. त्याने चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशीतील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. हा बिघडलेला तोल सावरण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मात्र कमी झालेला असतो. म्हणजे घरात खर्च वाढावा आणि त्याच महिन्यात पगार कमी यावा, तशी ही स्थिती असते. म्हणून डोके दुखते, चक्कर येते, उजेड व आवाज सोसवत नाही, लक्ष लागत नाही, आठवत नाही, झोप बिघडते, विनाकारण रडू किंवा राग येतो.

हाड मोडले तर एक्स-रेमध्ये दिसते. हादरा मात्र साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. सीटी स्कॅन काढतात तो रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी. दुसरा गैरसमज असा की, बेशुद्ध पडला तरच मार गंभीर. प्रत्यक्षात हादरा बसलेले बहुसंख्य खेळाडू क्षणभरही बेशुद्ध पडत नाहीत आणि बेशुद्धी ही बरे होण्यास लागणाऱ्या काळाची भरवशाची खूण ठरलेली नाही.

तेव्हा ज्या दुखण्याचा फोटो निघत नाही, त्याचे मोजमाप करायचे कसे? खेळाडूला विचारून, तोल तपासून आणि स्मरणशक्तीच्या छोट्या चाचण्या घेऊन. मैदानावर वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित तपासणीत बावीस लक्षणांची यादी असते. प्रत्येक लक्षणाला शून्य ते सहा गुण, म्हणजे एकूण १३२. खेळाडू खरे बोलला तरच ही बेरीज खरी. या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

अमेरिकन महाविद्यालयांतील मोजदाद

या विषयाचे सर्वांत भक्कम आकडे अमेरिकेतील महाविद्यालयांतून आले आहेत. तेथील महाविद्यालयीन खेळ हा मोठा व्यवहार आहे. खेळाडूंची हंगाम सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते. मार लागण्याआधी त्याचा तोल कसा होता, स्मरण कसे होते, याची नोंद असते. त्यामुळे मार लागल्यानंतरच्या स्थितीची तुलना त्याच मुलाच्या मूळ स्थितीशी करता येते.

२००३ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मायकेल मॅक्रे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा महाविद्यालयांतील १६३१ फुटबॉलपटू त्यात होते (हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन पद्धतीचा, हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याचा खेळ). त्यांपैकी ९४ जणांना हादरा बसला. शरीराचा तोल तीन ते पाच दिवसांत पूर्ववत झाला, विचार व स्मरण पाच ते सात दिवसांत आणि लक्षणे साधारण सात दिवसांत. या अभ्यासामुळे "आठवडाभरात बरे" हा आडाखा रूढ झाला.

२०१४ साली अमेरिकेची महाविद्यालयीन क्रीडा संघटना आणि संरक्षण खाते यांनी मिळून याहून फार मोठा अभ्यास सुरू केला. तो केअर कन्सॉर्शियम या नावाने ओळखला जातो. सुमारे तीस विद्यापीठे व लष्करी अकादमी त्यात सामील झाल्या. मिशिगन विद्यापीठाचे स्टीव्हन ब्रॉग्लिओ, इंडियाना विद्यापीठाचे थॉमस मॅकॲलिस्टर आणि वर उल्लेखलेले मॅक्रे हे त्याचे प्रमुख. २०२२ साली त्यांनी हादरा बसलेल्या १७५१ खेळाडूंचे निष्कर्ष मांडले. परत खेळण्याच्या टप्प्याटप्प्यांच्या कार्यक्रमाला सुरुवात करण्यास मध्यक ६.४ दिवस लागले आणि कोणत्याही बंधनाशिवाय खेळात परतण्यास १२.८ दिवस.

येथे मध्यक हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. शंभर मुले बरी होण्याच्या क्रमाने एका रांगेत उभी केली, तर मधोमध जो उभा असेल त्याचे दिवस म्हणजे मध्यक. याचा अर्थ निम्मी मुले त्यापूर्वी परतली, पण उरलेल्या निम्म्यांना त्याहून जास्त दिवस लागले. सुमारे ८५ टक्के मुले परतेपर्यंत एक महिन्याच्या आसपासचा काळ गेला. म्हणून "सरासरी तेरा दिवस, मग माझ्या मुलाला वीस दिवस का?" असे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. वीस दिवस लागणारा मुलगाही याच रांगेत आहे. तो आजारी निघाला किंवा ढोंगी ठरला असे नव्हे.

याच १७५१ पैकी ३९९ जण, म्हणजे सुमारे २३ टक्के, 'सावकाश बरे होणारे' या गटात मोडले. ज्यांची लक्षणे जाण्यास १४ दिवसांहून अधिक किंवा खेळात परतण्यास २४ दिवसांहून अधिक काळ लागला, ते या गटात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यापैकीही तीनचतुर्थांशाहून अधिक साठ दिवसांच्या आत परतले. सहा महिन्यांनंतरही न परतलेले साधारण दहापैकी एक होते. सावकाश बरे होणे म्हणजे कधीच बरे न होणे नव्हे. ही गोष्ट रुग्णाच्या आईवडिलांना वेळेवर सांगितली, तर अर्धी चिंता कमी होते.

कोणाला अधिक दिवस लागतात?

आता मूळ प्रश्न. पहिल्याच दिवशी पाहून सांगता येईल काय, की हा मुलगा लवकर बरा होईल आणि तो उशिरा? निरनिराळ्या अभ्यासांतून काही बाबी पुन्हा पुन्हा पुढे आल्या आहेत.

१) सुरुवातीच्या लक्षणांचा भार. पहिल्या दिवशी किंवा पहिल्या काही दिवसांत लक्षणे किती आणि किती तीव्र आहेत, हा सर्वांत सातत्याने आढळलेला निदर्शक आहे. बर्लिन येथे २०१६ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या परिषदेनेही हेच नोंदविले.

२) पूर्वीचे हादरे. केव्हिन गुस्कीविझ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली २९०५ महाविद्यालयीन फुटबॉलपटूंचा अभ्यास मांडला. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा हादरे बसले होते, त्यांना नवा हादरा बसण्याची शक्यता एकदाही न बसलेल्यांच्या तिप्पट होती. शिवाय अशांपैकी ३० टक्क्यांची लक्षणे आठवड्याहून अधिक टिकली. पूर्वी एकच हादरा बसलेल्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते.

३) मार लागल्यानंतरही खेळत राहणे. फ्लोरिडा विद्यापीठातील ९७ खेळाडूंच्या अभ्यासात (२०१६) जवळजवळ निम्म्या खेळाडूंनी मार लागल्याचे लगेच सांगितले नव्हते. त्यांना परतण्यास सुमारे पाच दिवस अधिक लागले. त्याच वर्षी किशोरवयीन खेळाडूंच्या दुसऱ्या अभ्यासात, लगेच बाहेर बसलेल्यांना सरासरी २२ दिवस, तर खेळत राहिलेल्यांना ४४ दिवस लागले. बरोबर दुप्पट.

४) आधीचे मानसिक स्वास्थ्य. ज्यांना पूर्वीपासून नैराश्य, चिंता किंवा अर्धशिशीचा त्रास आहे, त्यांची लक्षणे लांबण्याचा धोका अधिक असतो. हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. आधीच भार वाहणाऱ्या बैलाच्या गाडीत आणखी एक पोते टाकल्यासारखे आहे.

मुली उशिरा बऱ्या होतात, असे पूर्वी पुष्कळदा म्हटले जाई. परंतु केअरच्या माहितीत सारख्या खेळांतील मुलामुलींची तुलना केली (२०२१) तेव्हा एकूण बरे होण्याच्या काळात दोघांत ठळक फरक आढळला नाही. महाविद्यालयात मुलींना मुलांइतकीच वैद्यकीय देखरेख मिळते, हे त्याचे एक कारण असावे असे अभ्यासकांनी सुचविले. जे निसर्गाचे म्हणून सांगितले जाते, ते पुष्कळदा व्यवस्थेचे असते. ही शिकवण आपल्या समाजाला नवी नाही.

अंदाज आणि भविष्य

या चार बाबी ठाऊक झाल्या, म्हणजे एखाद्या मुलाचा नेमका दिवस सांगता येईल काय? नाही. येथे अंदाज आणि भविष्य यांतील भेद स्पष्ट होतो. भविष्य सांगणारा एकच कारण धरतो, एकच तारीख देतो आणि चुकला तर दोष तुमच्या भक्तीला देतो. अभ्यासक अनेक कारणे धरतो, एक पल्ला सांगतो, चुकीची शक्यता आधीच मांडतो आणि नव्या नोंदी आल्या की आपला अंदाज सुधारतो. २००३ चा 'सात दिवस' हा आडाखा २०२२ मध्ये बदलला, ही विज्ञानाची हार नाही, तोच त्याचा धर्म आहे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश हाच की, परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावर मानू नका, स्वतः तपासा.

शिवाय प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त येथे अगदी सहज लागू पडतो. कोणतेही फळ एकाच कारणाने येत नाही. अनेक हेतू व प्रत्यय एकत्र येतात तेव्हा ते घडते. आघाताचा जोर, पूर्वीचे हादरे, मनाची स्थिती, मैदानातून केव्हा बाहेर आला, पहिल्या आठवड्यात काय केले, झोप कशी झाली, हे सारे मिळून बरे होण्याचा काळ ठरतो. यांतील काही गोष्टी घडून गेलेल्या असतात, त्या बदलता येत नाहीत. परंतु काही अजून आपल्या हातात असतात. ज्योतिष माणसाला पाहत बसायला लावते. कार्यकारणाचा विचार माणसाला कामाला लावतो.

रक्ताच्या चाचणीवरही मोठी आशा आहे. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दोन प्रथिनांच्या चाचणीला परवानगी दिली. परंतु ती परवानगी डोक्याला मार लागलेल्या प्रौढाला सीटी स्कॅनची गरज आहे की नाही, हे ठरविण्यासाठी आहे. किती दिवसांत बरा होईल, हे सांगण्यासाठी नाही. तेव्हा अशी चाचणी करून तारीख सांगतो, असे कोणी म्हणाले तर सावध राहावे.

विश्रांतीचा मध्यम मार्ग

पूर्वी असा समज होता की, हादरा बसला की अंधाऱ्या खोलीत पडून राहावे. वाचन नाही, बोलणे नाही, चालणे नाही. २०१५ साली विस्कॉन्सिन येथील एका अभ्यासात ११ ते २२ वयाच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि नंतर हळूहळू नेहमीचे व्यवहार. कडक विश्रांतीचा काही लाभ दिसला नाही; उलट त्या गटाने अधिक लक्षणे सांगितली. २०१९ साली बफेलो येथील जॉन लेडी यांच्या गटाने १०३ किशोरवयीन खेळाडूंवर प्रयोग केला. लक्षणे वाढणार नाहीत इतपत हलका व्यायाम करणारे मध्यक १३ दिवसांत बरे झाले. नुसते अंग ताणण्याचे प्रकार करणाऱ्यांना १७ दिवस लागले. २०२१ सालच्या एका अभ्यासात पहिले ४८ तास टीव्ही, मोबाइल व संगणकाचा पडदा टाळणारे मध्यक साडेतीन दिवसांत, तर न टाळणारे आठ दिवसांत लक्षणमुक्त झाले.

आज तज्ज्ञांचा सल्ला असा आहे : पहिला एक ते दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली हलकी कामे चालतील, पण पडदा कमी, धावपळ नाही. मग चालणे किंवा जागेवरची सायकल. मग एकट्याने खेळाचे हलके प्रकार. लक्षणे पूर्ण गेल्यावर अंगाला अंग न लागणारा सराव. डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतर पूर्ण सराव. आणि सर्वांत शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर थांबायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे. दिनदर्शिका पाहून पायरी चढायची नाही, मेंदू काय सांगतो ते पाहून चढायची.

वाचकांना येथे सोण भिक्खूची कथा आठवेल. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले, तरी चित्त शांत होईना आणि तो घरी परतण्याचा विचार करू लागला. पूर्वी तो वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचीच आठवण दिली : फार ताणल्या तर सूर नाही, फार सैल सोडल्या तरी सूर नाही. अंधाऱ्या खोलीत पडून राहणे ही सैल तार. दुसऱ्याच दिवशी मैदानात उतरणे ही ताणलेली तार. मध्यम मार्ग म्हणजे दोन मतांची तडजोड नव्हे, तो परिणाम पाहून शोधलेला मार्ग आहे.

मुले खरे का सांगत नाहीत?

लगेच सांगितले तर लवकर बरे होता येते, हे इतके उघड असताना खेळाडू लपवितात का? याचे उत्तर मेंदूत नाही, परिस्थितीत आहे. अमेरिकेतील कित्येक गरीब घरांतील मुले, त्यांत कृष्णवर्णीय मुले पुष्कळ, खेळाच्या शिष्यवृत्तीवरच महाविद्यालयात पोहोचतात. २०१२ पर्यंत तेथील सर्वोच्च विभागात ही शिष्यवृत्ती वर्षावर्षाने नव्याने दिली जाई. दोन सामने बाहेर बसलो तर जागा जाईल आणि जागा गेली तर शिक्षण जाईल, ही भीती असणाऱ्या मुलाला "खरे सांग" एवढा उपदेश पुरत नाही. आपल्याकडेही खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळेल या आशेवर राबणारी मुले आहेत. त्यांच्या मनातील भीती वेगळी नाही.

म्हणून सम्यक वाचेसाठी सम्यक व्यवस्था लागते. ऑक्टोबर २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील झॅकरी लिस्टेड या तेरा वर्षांच्या शाळकरी खेळाडूला डोक्याला मार लागला. थोडा वेळ बाहेर बसून तो पुन्हा त्याच सामन्यात उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूतील रक्तस्रावामुळे त्याच्या कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि आयुष्यभराचे अपंगत्व आले. त्याच्या कुटुंबाने लढा दिला. मे २००९ मध्ये त्या राज्यात त्याच्या नावाचा कायदा झाला : हादऱ्याचा संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि परवानाधारक आरोग्य-व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. महाविद्यालयीन संघटनेनेही २०१० पासून प्रत्येक महाविद्यालयाला लेखी योजना सक्तीची केली. या कायद्याने बाहेर बसण्याचा निर्णय मुलाच्या शिरावरून उतरवून मोठ्यांच्या शिरावर ठेवला.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. गुस्कीविझ यांच्या अभ्यासात त्याच हंगामात दुसऱ्यांदा हादरा बसलेले १२ जण होते आणि त्यांपैकी ११ जणांना तो पहिल्यानंतर दहा दिवसांच्या आतच बसला होता. केअरच्या काळात खेळाडू अधिक दिवस बाहेर राहू लागले आणि दुसऱ्यांदा हादरा बसण्याचे प्रमाण ६.५ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आले. परतण्याचे दिवस वाढले याचा अर्थ मुलांचे मेंदू नाजूक झाले असा नाही. आपण त्यांना अधिक काळ जपू लागलो, एवढाच त्याचा अर्थ.

मोजपट्टीतील वर्णभेद

आता एक असा प्रसंग, जो आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेने, डोक्याला वारंवार मार लागून स्मृतिभ्रंश झालेल्या निवृत्त खेळाडूंना नुकसानभरपाई देण्याचा समझोता केला. त्याला २०१५ मध्ये न्यायालयाची मंजुरी मिळाली. भरपाईसाठी खेळाडूची बुद्धी मूळ पातळीपासून किती घसरली, हे दाखवावे लागे. परंतु ती मूळ पातळी ठरविताना कृष्णवर्णीयांसाठी खालची रेषा धरण्याची पद्धत वापरली जात होती. म्हणजे सारखेच गुण मिळालेल्या दोघांत गोऱ्याची बुद्धी घसरली असे ठरे आणि काळ्याची मुळातच तेवढी होती असे ठरे!

ऑगस्ट २०२० मध्ये केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोन निवृत्त कृष्णवर्णीय खेळाडूंनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. जून २०२१ मध्ये संघटनेने ही पद्धत बंद करण्याचे मान्य केले आणि मार्च २०२२ मध्ये सुधारित करारास न्यायालयाने मंजुरी दिली. हा विषय बरे होण्याच्या दिवसांचा नाही, हे खरे. परंतु अंदाज ज्या मोजपट्टीवर उभा असतो, तिच्यातच जन्मावरून उच्चनीच ठरविलेले असेल, तर आकडे कितीही शास्त्रीय दिसोत, ते अन्यायच करतात. ज्यांच्या पूर्वजांची पात्रता जन्मावरून ठरविली गेली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. महाविद्यालयांतील पद्धत, म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या नोंदीशी करणे, ही म्हणूनच न्यायाच्या अधिक जवळची आहे.

कारण नाहीसे केले तर

आर्यसत्यांत दुःख सांगून थांबलेले नाही. कारण आणि निरोधही सांगितला आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते विद्यापीठ आयव्ही लीग या आठ विद्यापीठांच्या क्रीडासंघात आहे. या आठ विद्यापीठांना आढळले की, २०१५ च्या हंगामात 'किकऑफ' म्हणजे सुरुवातीची लाथ हा प्रकार एकूण खेळ्यांत अवघा ६ टक्के असूनही २१ टक्के हादरे त्यातच बसत होते. दोन्ही बाजूंचे खेळाडू दुरून वेगाने धावत येऊन आदळत. २०१६ साली चेंडू मारण्याची रेषा पाच यार्ड पुढे नेली आणि चेंडू परत आणण्याचा मोह कमी केला. किकऑफमधील हादऱ्यांचे प्रमाण दर हजार खेळ्यांमागे सुमारे ११ वरून २ वर आले. एवढ्याशा नियमाने जे साधले, ते कोणत्याही औषधाने साधले नसते.

आपल्या मुलांसाठी

आपल्या देशात हा विषय लोकांना क्रिकेटमुळे कळला. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल आला तो याच नियमाने. त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात, जवळ क्षेत्ररक्षण करताना रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. परंतु आत रक्तस्राव झाला आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. "चालतोय ना, म्हणजे ठीक आहे," हे वाक्य किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते.

म्हणून कबड्डी असो, क्रिकेट असो की मोटारसायकलवरून पडणे असो, डोक्याला मार लागल्यावर पुढील खुणा दिसल्या तर थेट रुग्णालय गाठावे : वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, गुंगी वाढणे किंवा जागे न होणे, हातपाय लुळे पडणे, जीभ जड होणे, माणसे न ओळखणे, मान अतिशय दुखणे, कानानाकातून पाण्यासारखा द्रव येणे. यांपैकी काही नसले तरी त्या दिवशी खेळ बंद, गाडी चालविणे बंद आणि डॉक्टरांचा सल्ला अवश्य. अंगारा, उतारा यांत गेलेला वेळ पुन्हा मिळत नाही.

आणि मुलगा म्हणाला, "डोके जड वाटते, अभ्यास होत नाही," तर त्याला आळशी म्हणू नका. त्याचे दुखणे फोटोत दिसत नाही, ते त्याच्या शब्दांतच दिसते. ते शब्द त्याने न भिता बोलावेत, असे घर, अशी शाळा आणि असे मैदान उभे करणे ही आपली, मोठ्यांची जबाबदारी आहे. "किती दिवस लागतील?" या प्रश्नाचे नेमके उत्तर कोणाजवळ नाही, परंतु ते दिवस कमी करण्याची जी साधने आहेत, त्यांतील पहिले साधन म्हणजे वेळेवर सांगितलेले आणि वेळेवर ऐकलेले सत्य.

जय भीम! नमो बुद्धाय!